पहिलं हाड मोडल्यावर

पन्नाशी उलटलेली बाई न्हाणीघरात घसरते, सावरायला हात टेकवते आणि मनगट मोडतं. दोष ओल्या फरशीला दिला जातो. प्लास्टर चढतं, पाच-सहा आठवड्यांनी निघतं, बोटांचे व्यायाम सांगितले जातात आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण उभ्याउभ्या पडल्यानं धडधाकट हाड सहसा मोडत नाही. मोडलं, तर ते आधीच ठिसूळ झालेलं असण्याची शक्यता मोठी असते, आणि ही शंका मनात धरून पुढची तपासणी सांगणारं कुणी अनेकदा भेटतच नाही. असं एक हाड मोडलं की दुसरं मोडण्याची शक्यता साधारण दुपटीनं वाढते, आणि हा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त असतो. मनगटामागून मणका दबतो, मणक्यामागून खुबा मोडतो. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचातला निदान एक जण वर्षभरात दगावतो आणि उरलेल्यांतले कित्येक पुन्हा पूर्वीसारखे आपल्या पायांनी हिंडू शकत नाहीत. म्हणून या लेखात मला एकच गोष्ट ठामपणे मांडायची आहे. ऑस्टिओपोरोसिसचा उपचार निवडताना तपासणीच्या कागदावरचा आकडा पुरेसा नाही, आणि औषधाबद्दल कानावर आलेली भीती तर मुळीच पुरेशी नाही. येत्या पाच-दहा वर्षांत या माणसाचं हाड मोडण्याची शक्यता किती, या प्रश्नापासून सुरुवात व्हायला हवी. तसं केलं, तर आज चाललंय त्यात बरीच उलटापालट करावी लागेल.

हाड ही जिवंत गोष्ट आहे. जुन्या घराची डागडुजी चालावी तसं त्याचं काम आयुष्यभर चालू असतं: काही पेशी जुना भाग खरवडून काढतात, दुसऱ्या पेशी तिथं नवा भाग भरतात. तिशीपर्यंत भरणं जास्त, पुढं हळूहळू खरवडणं जास्त. बाईची पाळी गेली की इस्ट्रोजेनचा लगाम सुटतो आणि पुढच्या पाच-सात वर्षांत झीज झपाट्यानं होते. आपल्याकडे पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसाव्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत एक्कावन्नच्या आसपास, म्हणजे आपल्या बायकांची ही घसरण काही वर्षं आधीच सुरू होते. यात काहीही दुखत नाही. गुडघ्याची झीज हा वेगळा आजार आहे, तो दुखतो. ठिसूळपणा मात्र हाड मोडेपर्यंत गप्प असतो, आणि मणक्याच्या बाबतीत तर मोडल्यावरही पुष्कळदा गप्पच राहतो. पाठीला पोक आलं, उंची दीड-दोन इंचांनी कमी झाली, तरी ‘वय झालं’ म्हणून ते सोडून दिलं जातं. ते वय नसतं. ते दबलेले मणके असतात, साध्या एक्स-रेत दिसतात, आणि त्यातला प्रत्येक मणका म्हणजे आधीच झालेलं एक फ्रॅक्चर असतं.

आता तो आकडा. डेक्सा नावाच्या यंत्रानं कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची घनता मोजतात आणि तरुण निरोगी हाडाशी तिची तुलना करून टी-स्कोअर काढतात. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ म्हणजे ऑस्टिओपेनिया, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, ही रेषा जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४मध्ये आखली. रेषा उपयोगी आहे, पण तिच्या एका बाजूला आजार आणि दुसऱ्या बाजूला आरोग्य असं काही नाही. मोडणाऱ्या हाडांपैकी निम्म्याहून अधिक हाडं उणे २.५च्या वरच्या लोकांची असतात, कारण त्या पट्ट्यात माणसंच फार आहेत. उलट पंचावन्न वर्षांची, कधीही हाड न मोडलेली, चांगलं वजन राखून असलेली बाई उणे २.५वर असेल, तर येत्या काही वर्षांपुरता तिचा धोका ऐंशीच्या, एकदा मणका दबलेल्या, उणे २च्या बाईपेक्षा कितीतरी कमी असतो. वय, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का, तंबाखू आणि दारू, अतिशय कमी वजन, संधिवात, तीन महिन्यांहून जास्त घेतलेलं स्टिरॉइड या सगळ्यांचा एकत्र हिशेब करणारं फ्रॅक्स हे साधन ब्रिटनमधल्या शेफील्ड विद्यापीठात तयार झालं, २००८पासून वापरात आहे आणि त्यात भारतासाठीही गणित आहे. ते अचूक नाही. वारंवार पडणं ते नीट धरत नाही. तरीही एकट्या टी-स्कोअरपेक्षा ते माणसाच्या जवळ जातं. आणि सोसायट्यांमधल्या मोफत शिबिरांत टाचेवर लावतात ते यंत्र डेक्सा नव्हे. त्याच्या आकड्यावरून निदान करू नये, औषध तर मुळीच सुरू करू नये.

शक्यतेवर एवढा भर का द्यायचा, हे औषधांच्या चाचण्याच सांगतात. अ‍ॅलेंड्रोनेट हे या आजाराचं जुनं आणि स्वस्त औषध, आठवड्यातून एक गोळी. १९९६मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधीच मणका दबलेल्या दोन हजारांवर बायकांपैकी निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना खोटी गोळी दिली होती. तीन वर्षांत खोट्या गोळीवरच्या शंभरातल्या पंधरा जणींचा नवा मणका दबला, खऱ्या गोळीवरच्या आठ जणींचा. खुबा मोडण्याचं प्रमाण २.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यावर आलं. जाहिरात म्हणेल, धोका निम्मा झाला. ते खरंच आहे, पण निम्मा कशाचा, हे विचारायला हवं. पंधराचे आठ होणं ही मोठी गोष्ट आहे. जिचा धोका मुळातच शंभरात एक आहे, तिला निम्म्यानं मिळणारा फायदा इतका लहान असतो की वर्षानुवर्षं गोळी घेण्याचा त्रास त्याहून मोठा ठरू शकतो. याच चाचणीच्या दुसऱ्या भागात मणका न दबलेल्या बायका होत्या. त्यांच्यापैकी उणे २.५च्या खालच्यांना स्पष्ट फायदा झाला, वरच्यांना दिसला नाही. मग ऑस्टिओपेनियात औषध देऊच नये का? न्यूझीलंडमधली २०१८ची चाचणी याचं उत्तर देते. पासष्टच्या पुढच्या, ऑस्टिओपेनिया असलेल्या दोन हजार बायकांपैकी निम्म्यांना सहा वर्षांत दर दीड वर्षानं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड शिरेतून दिलं. ठिसूळपणामुळं हाड मोडलेल्या बायका खोट्या औषधाच्या गटात १९० होत्या, खऱ्या औषधाच्या गटात १२२. दोन्ही चाचण्या एकमेकींना खोडत नाहीत. न्यूझीलंडच्या बायकांचं सरासरी वय सत्तरच्या पुढं होतं, आणि वय हाच इथला सर्वांत मोठा धोका आहे.

या टप्प्यावर पहिला आक्षेप येतो, आणि तो आपल्याकडे फार मनापासून घेतला जातो: औषध कशाला, दूध, नाचणी, तीळ खावेत, ऊन घ्यावं, कॅल्शियमची गोळी घ्यावी. यातला आहाराचा भाग मला मान्य आहे. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला साधारण १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, पेलाभर दुधात दोनशे-अडीचशे. रोजच्या जेवणात भाकरी, भाजी, ताक, तिळाची चटणी असेल तर बरीचशी गरज भागते आणि गोळी उरलेल्यापुरतीच लागते. पण कॅल्शियम हा कच्चा माल आहे. खरवडणाऱ्या पेशींचा वेग त्यानं थांबत नाही. ड जीवनसत्त्वाचंही तेच. अमेरिकेत सुमारे २६ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व घेऊन सामान्य निरोगी लोकांची फ्रॅक्चर कमी झाली नाहीत, असं २०२२मध्ये दिसलं. भारतात कमतरता फार पसरलेली आहे, म्हणून ती भरून काढणं आवश्यकच आहे, विशेषतः शिरेतलं किंवा कातडीखालचं औषध देण्याआधी. मात्र जास्त म्हणजे चांगलं, हे इथं लागू नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटांचा डोस दिला, तेव्हा त्यांचं पडणंही वाढलं आणि हाडं मोडणंही. साठ हजार युनिटांची पुडी महिनोन्महिने आपल्या मनानं घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. व्यायामाबद्दल मात्र आपण फार भित्रे आहोत. नुसतं फिरणं हाडाला पुरत नाही. ऑस्ट्रेलियातच झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात ठिसूळ हाडांच्या बायकांनी देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास जड वजनं उचलली आणि आठ महिन्यांत त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता सुमारे तीन टक्क्यांनी वाढली, तर हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. मणका दबलेल्यांनी हे एकट्यानं करू नये, पाठ गोल करून वाकणं तर टाळावंच. पण तोल सुधारणं आणि पायांत ताकद आणणं हा उपचाराचा भाग आहे, कारण बहुतेक खुबे पडल्यानंच मोडतात. एवढं सगळं करूनही, ज्याचं हाड आधीच मोडलं आहे त्याला औषधाची जागा नाचणी घेऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. या औषधांनी जबड्याचं हाड सडतं, मांडीचं हाड आपोआप मोडतं, असं लोक म्हणतात, आणि दोन्ही गोष्टी घडतात हे खरं आहे. प्रश्न किती, हा आहे. जबड्याच्या हाडाचा त्रास सुरुवातीला कॅन्सरच्या रुग्णांत दिसला. त्यांना हीच औषधं फार मोठ्या प्रमाणात आणि दर महिन्याला दिली जातात. ऑस्टिओपोरोसिसच्या डोसात हे प्रमाण वर्षाला दहा हजारांत एक ते लाखात एक इतकं आहे. दात काढायचे, इम्प्लांट बसवायचे असतील तर ते काम औषध सुरू करण्याआधी उरकणं हा त्यावरचा शहाणा उपाय. मांडीच्या हाडाच्या बाबतीत मात्र आपल्याला अधिक सावध राहायला हवं. कॅलिफोर्नियातल्या बायकांच्या २०२०च्या मोठ्या अभ्यासाचा हिशेब असा: दहा हजार गोऱ्या बायकांनी तीन वर्षं गोळी घेतली तर १४९ खुबे मोडायचे वाचतात आणि मांडीची विचित्र फ्रॅक्चर २ होतात. आशियाई वंशाच्या बायकांत वाचणारे खुबे ९१ आणि अशी फ्रॅक्चर ८. म्हणजे फायदा तोट्याहून कितीतरी मोठाच राहतो, पण आपल्या वंशाच्या बायकांत दोहोंतलं अंतर कमी होतं. म्हणून कमी धोका असलेल्या बाईला ही गोळी सहज म्हणून देऊ नये आणि जिला दिली तिचं औषध मोजून-मापून थांबवावं, हे आपल्याला इतरांहून जास्त लागू आहे. जांघेत किंवा मांडीत आठवडाभर ठणका लागला तर डॉक्टरांना सांगून दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढावा. पुष्कळदा पूर्ण मोडण्याआधी हाड असा इशारा देतं. अमेरिकेत या बातम्यांनंतर गोळ्यांचा वापर २००८ ते २०१२ दरम्यान निम्म्याहून खाली आला, आणि पुढं तिथं कमी होत चाललेली खुब्याची फ्रॅक्चर कमी व्हायची थांबली. भीती हेच एकमेव कारण होतं असं म्हणता येणार नाही, पण गरज असलेल्यांनी औषध टाळलं तर काय होतं याचा अंदाज यावरून येतो.

औषध कुठवर घ्यायचं, हे म्हणूनच पहिल्या दिवशी विचारायला हवं. अ‍ॅलेंड्रोनेट, रिसेड्रोनेट, झोलेड्रोनिक या बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं हाडात जाऊन बसतात आणि बंद केल्यावरही काही काळ काम करत राहतात. पाच वर्षांनंतर गोळी थांबवणाऱ्या आणि दहा वर्षं चालू ठेवणाऱ्या बायकांची तुलना केली, तेव्हा एकूण फ्रॅक्चरमध्ये फारसा फरक दिसला नाही, दुखणारी मणक्याची फ्रॅक्चर मात्र थांबवणाऱ्यांत जास्त झाली. त्यामुळं धोका मध्यम असेल तर पाच वर्षांनी, शिरेतलं औषध असेल तर तीन वर्षांनी, सुट्टी घेता येते. धोका जास्त असेल तर नाही. गोळी सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहाही घ्यायचा नाही. घोटभर चहाबरोबर घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. अन्ननलिकेचा त्रास असणाऱ्यांना किंवा ज्यांना हे नेम पाळणं जमत नाही त्यांना वर्षातून एकदा शिरेतून दिलं जाणारं झोलेड्रोनिक सोयीचं. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते, पॅरासिटामोलनं ती ओसरते. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्र हा गट टाळावा लागतो.

डेनोसुमॅबची गोष्ट याच्या बरोबर उलटी आहे, आणि या लेखातला कुठलाही एक परिच्छेद लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवावा. दर सहा महिन्यांनी कातडीखाली एक इंजेक्शन, पोटाला त्रास नाही, मूत्रपिंड थोडं कमजोर असलं तरी चालतं, आणि परिणाम उत्तम: २००९च्या चाचणीत तीन वर्षांत मणक्याची फ्रॅक्चर ७.२ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आली. म्हणून ते लोकप्रिय होत आहे. पण ते हाडात बसत नाही. डोस चुकला की दाबून धरलेली झीज उसळी मारते, मिळवलेली घनता वर्षा-दीड वर्षात निघून जाते आणि काही जणांचे दोन-तीन मणके एकापाठोपाठ दबतात. सहा महिने मुलाकडे अमेरिकेला जाणारे आजी-आजोबा, इंजेक्शनची तारीख पुढं ढकलणारे, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून थांबणारे, या सर्वांना हा धोका आहे. थांबवायचंच असेल तर पाठोपाठ बिस्फॉस्फोनेट देऊनच थांबवावं लागतं. डायलिसिसवरच्या रुग्णांत ते रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकतं; अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२४मध्ये त्याबद्दल सर्वांत कडक इशारा दिला. हे इंजेक्शन वाईट नाही. मात्र सुरू करतानाच शेवट ठरलेला नसेल तर ते सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वरची सगळी औषधं झीज रोखतात. नवं हाड बांधणारी औषधं वेगळी. टेरिपॅराटाइड रोज स्वतः टोचून घ्यायचं, जास्तीत जास्त दोन वर्षं. भारतीय कंपन्याही ते बनवतात. रोमोसोझुमॅब महिन्यातून एकदा, वर्षभर. नुकताच हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल तर ते देत नाहीत. मणके दबलेल्या बायकांत टेरिपॅराटाइडची तुलना रिसेड्रोनेटच्या गोळीशी केली, तेव्हा दोन वर्षांत नवे मणके दबण्याचं प्रमाण ५.४ विरुद्ध १२ टक्के आलं. आपल्याकडे खर्चामुळं आधी गोळी, मग इंजेक्शन आणि सगळं फसलं की टेरिपॅराटाइड, असा क्रम लावला जातो. फार मोठा धोका असलेल्या माणसाच्या बाबतीत हा क्रम उलटा हवा: आधी बांधणी, मग ती टिकवणारी गोळी. दोन वर्षांनी टेरिपॅराटाइड संपवून पुढं काहीच न घेणं म्हणजे केलेला सगळा खर्च हळूहळू गमावणं.

हार्मोनबद्दल एकच एक उत्तर देता येत नाही. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत खुब्याची फ्रॅक्चर तिसऱ्या हिश्शानं कमी झाली, पण स्तनांचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या आणि पक्षाघात वाढले, म्हणून २००२मध्ये ती मुदतीआधी थांबवली. साठीनंतर केवळ हाडांसाठी हार्मोन सुरू करणं त्यानंतर मागं पडलं. ज्यांचे बीजकोश लवकर काढले त्यांची गोष्ट वेगळी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांच्या सरकारी पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, आणि त्यांतल्या अनेकींचं वय चाळिशीच्या आत होतं. पिशवीबरोबर बीजकोशही गेले असतील तर त्या बाईची हाडं तिच्या बहिणीपेक्षा दहा-पंधरा वर्षं आधी झिजू लागतात, आणि पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन देणं हाच तिच्यासाठी योग्य मार्ग मानला जातो. जन्मभर मोळ्या उचललेल्या या बायकांची हाडं कुणी मोजलीच नाहीत, तर उद्याच्या त्यांच्या खुब्यांचा भार कोण उचलणार?

‘आता या वयात कशाला’ हा शेवटचा आक्षेप. याला आकडेच उत्तर देतात. खुबा मोडून शस्त्रक्रिया झालेल्या, सरासरी चौऱ्याहत्तर वर्षांच्या रुग्णांना वर्षातून एकदा झोलेड्रोनिक दिलं, तेव्हा नवी फ्रॅक्चर तर कमी झालीच, मृत्यूही २८ टक्क्यांनी कमी झाले. पुरुषांनाही हे लागू आहे. हरियाणातल्या रोहतकच्या पाहणीत पन्नाशीपुढच्या दर लाख बायकांमागे वर्षाला १५९ खुबे मोडत होते, पुरुषांत १०५. हा फक्त बायकांचा आजार नाही. ग्लासगोच्या रुग्णालयांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक फ्रॅक्चरच्या रुग्णाला गाठून हाडांची तपासणी आणि उपचार मिळवून देणाऱ्या परिचारिका नेमल्या, आणि ती पद्धत पुढं अनेक देशांनी उचलली. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत हे काम कुणाकडेच सोपवलेलं नाही, म्हणून तूर्त ते घरच्यांनीच करायला हवं. घरात पन्नाशीपुढच्या कुणाचं हाड साध्या पडण्यानं मोडलं असेल, तर प्लास्टर निघण्याची वाट पाहू नका. डेक्सा, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घ्या, आणि डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: पुढचं हाड मोडण्याचा धोका किती, औषध कोणतं आणि किती वर्षं, आणि ते थांबवल्यावर पुढं काय.